तीन ठोके, दोन ठोके

ब्रॉन्क्समधल्या जुन्या नाचघरात गायक चेमा किन्योनेसवरच्या सिनेमाचं चित्रीकरण चालू होतं. एलादिओ सकाळपासून तिथे खुर्ची धरून बसला होता. चेमा गायचा त्याच बँडमध्ये एलादिओ क्लावेच्या लाकडी दांड्या वाजवायचा: तीन ठोके, मग दोन. सगळा साल्सा त्यावर उभा. ते उलटे पडले की गाणं तिरकं जातं आणि नाचणारे अडखळतात.

आज नेमका तोच प्रसंग होता. नशेतला चेमा चुकीच्या जागी गाणं उचलतो, लोक हुर्यो उडवतात, बँड त्याला काढून टाकतो. त्यानंतर सहा वर्षांत चेमा संपला. दिग्दर्शिका मारित्साला हे एलादिओनंच सांगितलं होतं. चाळीस वर्षं तो सगळ्यांना हेच सांगत आला होता.

चेमाचं काम करणाऱ्या याडिएलला मात्र काही केल्या चुकता येईना. म्हणून मारित्सानं त्या कार्यक्रमाची टेप लावली. ती चेमाच्या बहिणीकडे नुकतीच सापडली होती.

याडिएल मांडीवर ताल धरून ऐकत होता. मग त्याचा हात थांबला.

"मास्तर, रागावू नका. हा बरोबर आलाय. दांड्या फिरल्यात."

"आधी नाक पुसायला शीक," एलादिओ म्हणाला, आणि टेप पुन्हा लावायला लावली.

ट्रम्पेट थांबतात, तिथून त्यानं स्वतःच तीनऐवजी दोन धरले होते. की ट्रम्पेटनीच एक मात्रा खाल्ली होती? तिसऱ्यांदा ऐकलं तर चेमाच चुकलेला वाटला. पोरगा खरा असेल, तर चेमा हकनाक गेला होता. पण नशा तर खरी होती. एलादिओनंच त्याच्या तोंडावर पाणी मारलं होतं. इतका झिंगलेला माणूस बरोबर जागी येईल? नंतर चेमा त्याच्याकडे नुसता बघत राहिला होता. ती शरम आहे असं एलादिओनं धरलं होतं.

"मास्तर, लाइट लागलेत," मारित्सा म्हणाली. "चूक कुणाची दाखवू?"

"दांड्या दे इकडे. त्याला नीट गाऊ दे. मी वाजवून बघतो."

कॅमेरा सुरू झाला. ट्रम्पेट थांबले. एलादिओनं हात उचलला, आणि तो तसाच वर राहिला. तीन की दोन? त्याच्यासाठी न थांबता याडिएलनं गाणं उचललं. बरोबर जागी, असं एलादिओला वाटलं.