अडलेली प्रार्थना

पोरांची प्रार्थना घ्यायला येणाऱ्या पाळकबाईंना अधीक्षकांनी आत घेऊन आधी ऑफिसचं दार लोटून घेतलं, तेव्हाच काहीतरी वाईट घडल्याचं बाईंनी ओळखलं. भोवऱ्याची आई सकाळी हॉस्पिटलात वारली होती. त्याच्या थोरल्या भावाचा फोन येऊन गेला होता.

भोवरा म्हणजे या बालसुधारगृहातला सतरा वर्षांचा पोरगा. एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून पोरांनीच त्याचं हे नाव पाडलेलं. दुकानात चोरी करताना त्याने मालकाचं डोकं फोडलं होतं, आणि त्या खटल्याची सुनावणी नेमकी दुसऱ्या दिवशी होती. मागे जामीन नाकारल्याचं कळलं तेव्हा त्याने खोलीतलं बेसिन उखडलं होतं आणि आवरायला गेलेल्या पहारेकऱ्याचं मनगट मोडलं होतं. म्हणून अधीक्षकांचं म्हणणं होतं की उद्या कोर्ट होऊ दे, मग सांगू. माणूस वाईट नव्हता. पण या इमारतीत काही बिनसलं की पहिलं त्यालाच धारेवर धरलं जाई.

बाईंनी परोपरीने सांगून पाहिलं. अधीक्षक बधेनात.

"त्याने विचारलं तर मी खोटं बोलणार नाही," शेवटी त्या म्हणाल्या.

"मग विचारायची वेळच येऊ देऊ नका."

प्रार्थनेची खोली म्हणजे पूर्वीची सामानाची खोली. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, त्यावर पितळी बैठकीचा लाकडी क्रूस. बाईंच्या गळ्यात धोक्याच्या घंटीचं बटण असे. ते दाबलं की पहारेकरी धावत येत. इतक्या वर्षांत त्यांनी ते एकदाही दाबलं नव्हतं, आणि पोरांना त्याचा बाईंपेक्षा जास्त अभिमान होता.

गाणी सुरू झाली. भोवरा नेहमीसारखा पहिल्या रांगेत. सूर एकीकडे, हा दुसरीकडे, पण आवाज असा की छप्पर उडावं. पोरं खुसुखुसु हसली. सवयीने बाईही हसल्या, आणि हसू ओठांवरच गोठलं. त्यानंतरचं अख्खं गाणं त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या.

मग कोणाला कशासाठी प्रार्थना हवी ते सांगायची वेळ आली. एकाची दाढ ठणकत होती. दुसऱ्याने, माझ्या वकिलाला अक्कल येऊ दे, असं मागितलं. त्यावर दोघातिघांनी मनापासून "आमेन" म्हटलं. भोवरा उठून उभा राहिला.

"माझ्या आईला बरं वाटू दे. दादा म्हणतो ती काही खात नाही. तिला खावंसं वाटू दे."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. बाईंनी दाढेसाठी मागितलं, वकिलासाठी मागितलं, आणि भोवऱ्याच्या आईपाशी येऊन त्या अडल्या. त्या माउलीला शांती दे, असं एक वाक्य जिभेवर आलंही होतं. जिवंत माणसालाही चालावं आणि मेलेल्यालाही, असं सोयीचं वाक्य. पण ते देवासमोर बोलायची त्यांना लाज वाटली. खोलीत खुर्ची करकरली. कोणीतरी एक डोळा उघडून पाहिलं.

"पाळकबाई," भोवरा म्हणाला, "माझ्या आईपाशीच का थांबलात?"

बाईंनी पहारेकऱ्याला बाकीच्या मुलांना घेऊन जायला सांगितलं. त्याचा पाय निघेना. पण बाईंनी पुन्हा सांगितलं तसा तो मुलांना घेऊन गेला. दाराच्या काचेपलीकडे दुसरा पहारेकरी होताच. बाई भोवऱ्याच्या समोर खुर्ची ओढून बसल्या.

"बाळा, तुझी आई आज सकाळी गेली."

"कुठे गेली? हॉस्पिटलातून घरी?"

बाईंना स्वतःचाच राग आला. अशा वेळी मऊ शब्द वापरायचा नाही, हे त्यांना का माहीत नव्हतं? "वारली रे. सकाळीच."

तो बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. इतकं स्थिर त्याला कोणी कधी पाहिलं नसेल.

"गाणं म्हणताना तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"मी गळा ताणून ओरडत होतो आणि तुम्ही हसत होतात."

"हो," बाई म्हणाल्या.

त्याने टेबलावरचा क्रूस उचलला. तो आता आपल्याच डोक्यात घालणार असं बाईंना वाटलं. हात बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. भोवऱ्याने क्रूस दारावर भिरकावला. काच फुटून अर्धी आत आली, एक तुकडा बाईंच्या भुवईला चाटून गेला. बाहेर शिट्टी वाजली, बूट धावले. तोवर भोवऱ्याने जमिनीवरचा लांबडा तुकडा मुठीत धरला होता आणि भिंतीला पाठ लावली होती. त्याच्याच बोटांमधून रक्त ठिबकत होतं.

पहारेकरी ढाली घेऊन दारात आले, त्यांच्यामागे अधीक्षक. बाई उठल्या आणि मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. तोंड दाराकडे, पाठ भोवऱ्याकडे.

"बाई, बाजूला व्हा," अधीक्षक म्हणाले.

"मला काही झालेलं नाही. त्याला भावाशी बोलायचंय. फोन द्या."

भोवऱ्याने असं काही मागितलंच नव्हतं. पण मागून तो नाहीही म्हणाला नाही.

इथे सौदेबाजी चालत नाही, अधीक्षकांनी बजावलं. बाई म्हणाल्या, "सौदा कसला? आई गेलेल्या पोराला घरी बोलू द्या, एवढंच म्हणते."

अधीक्षकांनी त्यांच्या भुवईवरून ओघळणारं रक्त पाहिलं, मागच्या पोराची मूठ पाहिली. अखेर त्यांनी स्वतःचाच मोबाईल खिशातून काढला, पण आधी काच हवी, असं सांगून.

बाईंनी मागे न वळता उजवा हात पाठीमागे केला, तळवा उघडा. किती वेळ गेला कोण जाणे. ढालीमागचा एक पहारेकरी श्वास रोखून उभा होता तो त्यांना स्पष्ट दिसत होता. मग तळव्यावर काहीतरी ओलं, गरम, धारदार टेकलं.

फोन स्पीकरवर लावला. पलीकडून थोरल्याचा आवाज आला आणि भोवऱ्याला बोलताच येईना. थोरला मात्र बोलला. त्याने सांगितलं की तू येऊ नकोस, बेड्या घालून तुला सगळ्यांसमोर आणलेलं मला बघवणार नाही. मग त्याचा बांध फुटला.

"उशाशी मी होतो. औषधं मी दिली, कूस मी बदलली. आणि ती शेवटपर्यंत तुझं नाव घेत होती. माझं एकदाही घेतलं नाही रे."

अधीक्षकांनी नजर वळवली. भोवरा फोनवर वाकला.

"दादा, तू होतास ना तिच्यापाशी," तो म्हणाला. "तू नसतास तर ती एकटीच असती."

मग थोरल्याने घसा खाकरला आणि विचारलं, "उद्या कोर्ट किती वाजता सुटतं?"

अधीक्षकांनी दुपारपर्यंत सुटेल म्हणून सांगितलं. दफन तेवढं पुढे ढकलता येईल, असं थोरला म्हणाला, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कोर्टाने पुढची तारीख दिली. पोलिसांची गाडी तिथून थेट कब्रस्तानात गेली. परवानगीसाठी अधीक्षकांनी सकाळपासून फोन लावले होते, हे बाईंना नंतर कळलं. बेड्या काढायला हवालदार तयार झाला नाही. भोवऱ्याने दोन्ही हातांची ओंजळ करून माती टाकली, त्यातली अर्धी स्वतःच्या चपलांवर पडली. थोरला खड्ड्याच्या दुसऱ्या बाजूला उभा होता. तो ना जवळ आला, ना बोलला. गाडी निघताना मात्र त्याने हवालदाराला, हाताच्या पट्टीला ओल लागू देऊ नका, असं सांगितलं.

काच फोडल्याबद्दल भोवऱ्याला एकट्याच्या खोलीत ठेवण्यात आलं. बाईंनाही हुकूम मोडल्याबद्दल काही आठवडे फाटकातून आत येऊ दिलं नाही. त्यांनी तक्रार केली नाही. पण त्या दिवसांत घरी त्यांचा जीव कशात रमला नाही.

परत रुजू झाल्या तो भेटीचा दिवस होता. भेटीच्या खोलीवरून जाताना त्यांना थोरला दिसला. दोघे भाऊ टेबलाच्या दोन बाजूंना अवघडून बसले होते, बोलत नव्हते. थोरल्याने मध्येच हात पुढे केला आणि भोवऱ्याची मूठ उघडून तळव्यावरची जखम कितपत भरली ते पाहिलं. भोवऱ्याने हात मागे घेतला नाही. बाई आत न जाता तशाच पुढे निघाल्या.