झुंबरबाईची सोन्याची कॅप

माह्या सासूच्या, झुंबरबाईच्या, खालच्या दाढेवर सोन्याची कॅप होती. सासऱ्यानं जितेपणी बसवून देल्ली. बाई हसली की तोंड दाढेपर्यंत फाडे, सगळ्या उंद्री गावानं पाहावं म्हणून. "मी मेली की तोंडात सोनं टाकाची गरज नाही वं. माह्या मालकानं आधीच टाकून ठेवलं. तुळशीचं पान तेवढं आणा," असं येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगे.

पारसाल माही दाढ सडली. चिखलीच्या प्रतीक्षा मॅडमनं रूट कॅनल केलं अन् कागदावर दाढ काढून समजावलं. "आतली नस काढली, आता हा दात वाळक्या काडीसारखा. दुखणार नाही, पण चावताना चिरेल. कॅप बसवली की चावण्याचा जोर कॅप झेलते. पंधरा दिवसांत या."

घरी सांगतलं, त सासू, आमच्या आत्याबाई, म्हणे, "आता दुखत नाही ना? मग टोपी कशाले?" माहा नवरा निवृत्ती ताटात पाहत राह्यला. मी कॅपच्या पैशासाठी तीनदा इचारलं, तीनदा तेच. महिन्याभरात फुटाणे खाताना दाढ कटकन चिरली, पार मुळापर्यंत. काढावीच लागली. मी रडत घरी आली, त बाई सोन्यानिशी हसली. "एका दाढेनं मरून राह्यली का वं?" तवापासून मी एकाच बाजूनं चावते.

यंदा संक्रांतीले आत्याबाई तिळाचा लाडू खाता खाता एकदम वरडली, "व माय! माही टोपी गिळली!" निवृत्ती पाणी आणाले धावला, मी ताट उचललं. उरलेल्या लाडवात कॅप रुतून बसली होती. सांगाले तोंड उघडलं, अन् जीभ माह्या रिकाम्या जागेवर गेली. मी लाडवासकट मूठ मिटली.

चिखलीले नेलं, त मॅडमनं बजावलं, "कॅपसाठी दात चहूबाजूंनी घासून बारीक केलेला असतो. उघडा ठेवला तर मोडेल. जुनी सापडली तर तीच बसवू, नाहीतर नवी करू."

"नवी नाही! मालकानं देल्ली तेच पाह्यजे. निघंन आज-उद्या!"

मंग काय! अकरा दिवस म्हातारी सकाळी काडी घेऊन परसाकडे जाए अन् मी पाण्याची बादली घेऊन मागं उभी. "नीट पाहा, आत्याबाई. एरंडेल देऊ का?" बाई माहा हात धरे. "तूच माही लेक वं जयमाला." दया? थेंबभर आली नाही. मले आतून गुदगुल्या होत. कॅप जिऱ्याच्या डब्यात होती, फोडणी टाकताना रोज दिसे.

बाराव्या दिवशी वरणात चुरलेल्या भाकरीनं तिचा दात मोडला. उरलेलं मूळ मॅडमनं उपटलं. घरी आल्यावर म्हातारी तोंडाले पदर लावून चुलीपाशी बसली. म्हणे, "जयमाला, मेल्यावर माह्या तोंडात सोनं टाकशीन ना वं? मण्याएवढं तरी?"

मी डबा काढला. जिरं झटकलं अन् कॅप तिच्या तळहातावर ठेवली. बाई कॅपकडं पाहे, माह्याकडं पाहे. मी कॅप उचलून पुन्हा जिऱ्यात टाकली, झाकण लावलं.

"मेल्यावर काहीच दुखत नाही, आत्याबाई," म्हटलं. "मग टोपी कशाले?"