आम्लात पाणी

माझी लेक ब्रिना पाळणाघरात जायला लागली आणि मी ल्युब्लियानातल्या आमच्या भाषांतर कचेरीत परत रुजू झाले. पहिलंच काम आलं ते एका जर्मन रासायनिक पेटंटचं. माझं काम तपासणाऱ्या वरिष्ठ विल्माबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, हे नीट उतरलं तर पुढची कामं तू एकटीनं पाठवायचीस.

आमच्या देशात पेटंटचे फक्त दावे, म्हणजे मालक जे जे आपलं म्हणतो तेवढा भाग, आमच्या भाषेत द्यावा लागतो. बाकीचं वर्णन जर्मनमध्येच राहतं. म्हणून मी ते उघडलंच नाही. ब्रिनाला सर्दी होती. पाळणाघरातून कधी फोन येईल याचाही नेम नव्हता.

एका दाव्यात तीव्र सल्फ्युरिक आम्लात थेंबथेंब पाणी सोडायला सांगितलं होतं. मी रसायनशास्त्र शिकलेली. पाण्यात आम्ल घालावं, आम्लात पाणी कधीच नाही, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. उलटं केलं की उकळून तोंडावर उडतं. लिहिणाऱ्याचीच चूक, असं ठरवून मी क्रम बदलला. बदलून बरंही वाटलं.

भाषांतर पेटंट कार्यालयात दाखल करायच्या सकाळी रिवाजाप्रमाणे दोघी वाचायला बसलो. विल्माबाई जर्मन वाचणार, मी माझा मजकूर. त्या दाव्याशी त्या थांबल्या, क्रम कुणी फिरवला म्हणाल्या. मी कारण सांगितलं. उद्या कुणी भाजलं तर, असंही म्हटलं.

"अगं, तू काय त्याची आई आहेस? शंका आली तर काम पाठवणाऱ्या वकिलाला विचारायचं, मजकुराला हात लावायचा नाही. वर्णन वाचलंस?"

"दावेच द्यायचे होते ना, म्हणून..."

"द्यायचे दावे. वाचायचं सगळं."

आम्ही वर्णन उघडलं. पदार्थ आधी आम्लात विरघळवलेला, भांडं बाहेरून गार ठेवलेलं, आणि पाण्याच्या थेंबांनी उठणाऱ्या उष्णतेवरच पुढची क्रिया. शोध तोच होता. माझा मजकूर गेला असता तर दाव्यात भलतीच कृती आली असती आणि इथे मालकाच्या खऱ्या शोधाला संरक्षणच उरलं नसतं.

मी ओळ पूर्ववत केली. हात तेव्हाही कचरत होता.

कागद पाठवून झाल्यावर विल्माबाई म्हणाल्या, "पुढचंही दोघी मिळूनच वाचू."

वाईट वाटायला हवं होतं. पण रात्ररात्र ब्रिनाचा श्वास मी एकटीच तपासत असते. इथे निदान दुसरी कुणी जागी होती.