पाचशे बारामधली ठकठक

“भिंतीवर लाथा मारते म्हणे ती पोरगी. रात्रभर! आणि दुपारी साहेब जरा लवंडले की पुन्हा सुरू.” हिराइवाने तक्रारीचा कागद टेबलावरून पुढे सरकवला. “जाऊन बघा. भिंत सैल झाली असेल तर आत काहीतरी भरा, कापूस, फेल्ट, काय वाटेल ते. पण साहेब नाश्ता करून वर यायच्या आत उरका.”

ताबुसेने कागदाला हात लावला नाही. ‘शिराहो’ जहाजावर सुतारकाम करायला लागून त्याला सव्वीस वर्षं झाली होती. दारं, कपाटं, भिंती, जे जे करकरतं आणि सैल होतं ते सगळं त्याच्याकडे. हा त्याचा शेवटचा उन्हाळा. ऑक्टोबरात कंपनी त्याच्या हातात फुलांचा गुच्छ देणार होती आणि त्याला कायमचं जमिनीवर उतरवणार होती.

“वय काय त्या पोरीचं?”

“सहा.”

“सहा वर्षांची पोर रात्रभर लाथा मारते? मग झोपते कधी?”

“ते मला काय विचारता? सामेजिमा साहेबांची ही एकतिसावी सफर आहे, ताबुसे. तुम्हाला ठाऊक आहे.”

ठाऊक होतंच. सगळ्या जहाजाला ठाऊक होतं, कारण सामेजिमा कोणाला विसरूच देत नसत. रंगांच्या कुठल्याशा कंपनीचे हे निवृत्त संचालक. पहिल्याच जेवणाला ते नव्या वाढप्यांना पूर्वी सूप कसं असायचं ते ऐकवत आणि वाढपी माना खाली घालून ऐकत. हिराइवा प्रवाशांच्या सेवेचा मुख्य, वयाने ताबुसेपेक्षा वीस वर्षांनी लहान. पण सामेजिमांचं नाव घेताना तोही खुर्चीत सावरून बसे.

ताबुसे पेटी घेऊन निघाला. जिन्याजवळ दर ऑगस्टचा तो गुलाबी कागद लावलेला होता. एरवी वर्षभर या जहाजावर पोर औषधालाही सापडत नसे. फक्त ऑगस्टच्या सुट्टीत मुलांना परवानगी. आणि त्या एका महिन्यात प्रत्येक केबिनमध्ये हा कागद जायचा: ‘या सफरीत आपल्यासोबत चौदा मुले आहेत. प्रौढ प्रवाशांनी काय अपेक्षित धरावे.’ खाली यादी. तीन ते पाच या वेळात मोठ्या स्नानगृहात मुलांचा आवाज संभवतो. सातव्या मजल्यावर पूर्ण शांतता राखली जाईल. त्रास झाल्यास पुढील क्रमांकावर कळवावे. ताबुसेला तो कागद दर वर्षी नव्याने झोंबायचा. वादळ येणार असलं तरी कंपनी ‘घाबरू नये’ असं लिहायची. मुलांच्या बाबतीत तेवढंही लिहावंसं कोणाला वाटलं नव्हतं.

पाचशे बारा सामेजिमांची. तिला लागून पाचशे चौदा, त्या मायलेकींची. जहाज कोबेहून निघालं त्या संध्याकाळी तो याच बोळात शिडीवर चढून दिवा बदलत होता, तेव्हा त्याने ती आई पाहिली होती. ओकावारा बाई. हातात छोट्या पिशव्या, मागे पोरगी. शेजारच्या सहा दारांवर त्या गेल्या आणि प्रत्येक दारात वाकून पिशवी दिली: लिमलेटच्या दोन गोळ्या, कानात घालायच्या बोळ्यांची एक जोडी आणि पोरीच्या वाकड्या अक्षरातली चिठ्ठी. ‘मी चिनात्सु. सहा वर्षांची. माझा आवाज झाला तर माफ करा.’

आपल्याकडे जपानात हे करतातच. नव्या घरात सामान लागायच्या आधी शेजारी टॉवेल घेऊन जायचं, विमानात तान्हं घेऊन बसलं की पुढच्या-मागच्यांना खाऊ वाटायचा. काही घडायच्या आधीच माफी मागून मोकळं व्हायचं. शिडीवरून ताबुसेला त्या दिवशी वाटलं होतं, किती रीतीभातीची बाई आहे. आता त्या बंद दारासमोर उभं राहून त्याच्या ध्यानात आलं, की त्या बाईने सहा घरांत स्वतःच्या हाताने पोरीचा गुन्हा पोचवला होता. आता जहाजात कुठेही खुट्ट झालं, की करणारी आयतीच तयार.

केबिन रिकामी होती. त्याने भिंत ठोकून पाहिली, वरून खालपर्यंत. दगडासारखी घट्ट. पलीकडेही कोणी नव्हतं. पोरगी वरच्या डेकवर सकाळच्या कवायतीला गेलेली त्याने येताना पाहिली होती, गळ्यात हजेरीच्या शिक्क्यांचं कार्ड लटकवून, रांगेत सगळ्यात शेवटी. त्या उकाड्यातही तिच्या पायांत जाड लोकरीचे मोजे होते.

जहाजाने खुल्या समुद्राकडे तोंड वळवलं आणि बाजूने लाट यायला लागली. जहाज कललं.

ठक.

ताबुसे थांबला. जहाज दुसऱ्या अंगाला गेलं आणि परत आलं. ठक, ठक.

पलंगाच्या उशाशी कपडे टांगायची खुंटी होती. खुंटीला सामेजिमांची काठी अडकवलेली, चेरीच्या लाकडाची, मुठीजवळ चांदीचं कडं असलेली. जहाज कललं की काठी झुलत होती आणि तिचं टोक भिंतीवर आपटत होतं. त्याने काठी धरली. आवाज थांबला. सोडली. ठक. पुन्हा धरली, पुन्हा सोडली. तिसऱ्या खेपेला त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हिराइवाने सगळं ऐकून घेतलं आणि आधी उठून दार लावलं.

“हळू बोला. टोकाला फेल्ट लावलंत ना?”

“लावलं.”

“आवाज थांबला?”

“थांबला.”

“मग झालं की! साहेबांना सांगतो, भिंत दुरुस्त केली.”

“आणि त्या पोरीचं काय?”

हिराइवा कपाळ चोळायला लागला. “आज तीन वाजता त्या दोघी लाउंजमध्ये येतायत, साहेबांची माफी मागायला. मी नाही हो बोलावलं, आई स्वतःच म्हणाली. दोन दिवस बिचारी पोरीला सकाळची कवायत सोडली तर दिवसभर मोजे घालून पलंगावर बसवून ठेवतेय. आता मी जाऊन सांगू, की काठी तुमचीच होती? एवढ्या मोठ्या माणसाने तोंड कुठे लपवायचं?”

“आणि पोरीने कुठे लपवायचं?”

“ताबुसे, सहा वर्षांची आहे ती. उद्या विसरून जाईल.”

ताबुसे दार उघडून बाहेर पडला. त्याला आलेला राग सगळा हिराइवावरचा नव्हता. हेच वाक्य त्याने स्वतः म्हटलं होतं, बत्तीस वर्षांपूर्वी.

तेव्हा तो गोदीत होता, कंपनीच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर. खाली त्याचे विभागप्रमुख राहायचे. राहायला आल्या आल्या त्याची बायको टॉवेल घेऊन खाली जाऊन आली होती, ‘आमचा मुलगा जरा दांडगा आहे’ असं हसत सांगून. महिनाभरात निरोप आला: तुमचा मुलगा पहाटे धपधप उड्या मारतो. शुन्जी सात वर्षांचा होता. “बाबा, मी नव्हतो,” तो म्हणाला. ताबुसेने त्याच्या मुस्काटात मारली. मग त्याला खाली नेलं, प्रमुखांच्या उंबऱ्याशी गुडघ्यांवर बसवलं आणि मानेवर हात ठेवून त्याचं कपाळ फरशीला टेकवलं. पुढे दोन महिन्यांनी नळदुरुस्तीवाला आला, भिंतीतल्या पाइपाची सुटलेली पकड त्याने आवळली आणि धपधप बंद झाली. प्रमुख काही बोलले नाहीत. ताबुसेही बोलला नाही. जाऊ दे, लहान आहे, विसरेल.

तेव्हापासून शुन्जी चवड्यांवर चालतो. आज एकोणचाळीस वर्षांचा आहे, ओकायामात असतो, तरी खोलीत कधी येऊन उभा राहिला ते कळत नाही. लग्न झाल्यावर त्याने हट्टाने तळमजल्यावरचं घर घेतलं होतं, अंधारं आणि ओलसर. “बेडकासारखं काय राहायचं रे इथे?” ताबुसे पहिल्या भेटीतच बोलून गेला होता. “मला तळमजलाच हवा,” एवढंच शुन्जी म्हणाला होता.

तीनला पाच मिनिटं कमी असताना ताबुसे लाउंजच्या दारात होता. कामाच्या कपड्यांत त्या दालनात पाऊल टाकायचं नाही, हा नियम सव्वीस वर्षं त्याने कधी मोडला नव्हता. तो तसाच आत शिरला, पेटीसकट.

खिडकीजवळच्या खुर्चीत सामेजिमा बसले होते. बाजूला हिराइवा, हात जुळवून. समोर ओकावारा बाई काळ्या पोशाखात, कोणाच्या मयताला आल्यासारख्या, आणि त्यांच्या पुढ्यात चिनात्सु. त्या गालिच्यावर घोडा नाचला असता तरी ऐकू आलं नसतं, आणि पोरीच्या पायांत एकावर एक दोन मोजे होते.

“म्हण,” आई म्हणाली.

पोरगी आपल्या मोज्यांकडे बघत राहिली.

“चिनात्सु, म्हण ना! आजोबा थांबलेत.”

“मी नव्हते,” पोरगी म्हणाली. “मी झोपले होते.”

“पुन्हा तेच! दोन दिवस हेच चाललंय साहेब, काय करू मी हिचं? एकटीने वाढवतेय, कुठे कमी पडले कळत नाही.” बाईंचा आवाज फुटला. त्यांनी पोरीच्या मानेवर हात ठेवला आणि खाली दाबला. पोरीने मान ताठ धरली होती. हात दाबत राहिला.

“बाई, तो हात काढा.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. चहा पिणारे आसपासचे प्रवासीही कप खाली ठेवून बघायला लागले.

“ताबुसे!” हिराइवा पुटपुटला.

“मी जहाजाचा सुतार आहे,” ताबुसे म्हणाला. “आवाज मी शोधला. साहेब, तुमच्या उशाशी खुंटीला काठी आहे ना, ती भिंतीवर आपटत होती. पलीकडे कोणी नसताना आपटत होती. ही पोरगी तेव्हा वर कवायत करत होती.”

सामेजिमांनी त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. गळ्याशी थोडे लाल झाले. मग त्यांनी हात हलवला, माशी वारावी तसा.

“अस्सं. बरं, मग माझी काही तक्रार नाही. जाऊ द्या, मी मनात ठेवत नाही. मुलं म्हटली की असं व्हायचंच.”

आणि ओकावारा बाई वाकल्या. कमरेत, खोल. “आमच्यामुळे आपल्याला एवढा त्रास झाला, क्षमा करा.”

“कसला त्रास?” ताबुसे ओरडला. इतका मोठा आवाज आपल्या छातीत आहे हे त्यालाही माहीत नव्हतं. “काय केलं हिने? इथे एकाने तरी मला सांगा, या पोरीने काय केलंय!”

हिराइवा खाली बघत होता. बाई वाकलेल्या होत्या त्या तशाच राहिल्या, आणि मग त्यांच्या खांद्यांना हुंदके यायला लागले.

ताबुसेने पेटी ठेवली. गुडघे आता वाकताना कुरकुरायचे, पण तो वाकला, गालिच्यावर बसला, दोन्ही तळहात पुढे टेकवले. “चिनात्सु, तू नव्हतीस. तू पहिल्यापासून खरं बोलत होतीस. चुकलो ते आम्ही मोठी माणसं. माफ कर.” त्याने कपाळ जमिनीला लावलं.

डोकं वर केलं तेव्हा पोरगी त्याच्याकडे बघत नव्हतीच. ती आईकडे बघत होती. “मी सांगितलं होतं,” ती म्हणाली. मग खाली बसून तिने मोजे काढले, चारही, एकेक करून, आणि आईच्या हातात दिले.

संध्याकाळी जहाज कागोशिमाला लागलं. हिराइवाने त्याला धक्क्यावर गाठलं. “ऑक्टोबरपर्यंत थांबायची गरज नाही, असं वरून आलंय,” तो म्हणाला. मग म्हणाला, “मी बोललो होतो तुमच्या बाजूने. थोडंसं.”

“थोडंसंच बोलला असाल,” ताबुसे म्हणाला आणि जहाजाचे दोर बांधायच्या खांबावर जाऊन बसला. खाडीपलीकडच्या ज्वालामुखीची राख हवेत होती, ओठांवर करकरत होती. त्याने फोन काढला. शुन्जीला तो नवीन वर्षालाच काय तो फोन करायचा.

“बाबा? काय झालं? कोणी गेलं का?”

“नाही रे, कोणी नाही. शुन्जी, ते गोदीच्या वसाहतीत... तुला आठवतं का, खालच्या प्रमुखांकडे आपण गेलो होतो?”

ताबुसेने ओठांवरची राख पुसली.

“ते पाइप होते. पाण्याचे. तू नव्हतास. मला नंतर कळलं होतं, दोन महिन्यांनी. मी सांगितलं नाही तुला.”

“बाबा,” शुन्जी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच ताबुसेला सोसेना. “मी नव्हतो हे मला तर तेव्हाच माहीत होतं.”

ताबुसेने फोन कानाशीच धरून ठेवला. शुन्जीनेही फोन ठेवला नाही. त्याच्या मागे घरात कोणीतरी पळत होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, धपधप, धपधप, मध्येच उडी आणि खिदळणं. चार वर्षांची नात. ताबुसे कान देऊन ऐकत राहिला. आता शुन्जी तिला गप्प करेल, असं त्याला वाटलं. शुन्जीने केलं नाही.