हिरव्या फितीच्या दोन गाठी

मी प्लास्टिकची हिरवी फीत बोलतेय. लांबीने वीतभर, वजनाला काहीच नाही. पण इक्वाडोरात, माचालाजवळच्या इपातियाबाईंच्या केळीबागेत घडाचं वय मला विचारल्याशिवाय कुणाला कळत नाही.

तिथे दर आठवड्याचा रंग वेगळा. घडावर पिशवी चढली की त्या आठवड्याची फीत बांधायची आणि बारा आठवड्यांनी त्या रंगाचे सगळे घड उतरवायचे. उशीर झाला तर केळं बोटीतच पिकतं. नासका आंबा अढी नासवतो, तसं एक पिवळं केळं कंटेनरभर माल पिकवतं.

माझे बारा आठवडे भरले त्या दिवशी उल्पियानो आला. चोवीस वर्षं घड कापणारा माणूस! त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि तो सरळ पुढे गेला. मला फार अपमान वाटला. तीन आठवड्यांनी लाल फितींची पाळी आली, तेव्हा कुठे त्याने माझा घड उतरवला.

त्या वर्षी बाईंचा माल दोनदा बोटीत पिकला होता. तिसऱ्यांदा झालं तर माल घेणं बंद, असं व्यापाऱ्याने बजावलं होतं. कापणारा बदला, असा सल्लाही दिला होता. माणसांची ही खोडच आहे; चूक दिसली की आधी मान शोधतात. बाई मात्र म्हणाल्या की माणूस गेला आणि चूक इथेच राहिली तर काय करू? आणि त्या स्वतः शेडमध्ये फिती मोजायला बसल्या.

त्यांच्या डोळ्यांदेखत उल्पियानोने मला सोडवलं आणि लाल ढिगात टाकलं.

बाईंनी दोन फिती त्याच्यापुढे धरल्या. "यातली लाल कुठली?"

त्याने मला उचललं.

"कधीपासून हा फरक दिसत नाही?"

"जन्मापासून, बाई. मेहुणा बरोबर असायचा, तो सांगायचा. जानेवारीत तो ग्वायाकीलला गेला." त्याने कोयता टेबलावर ठेवला. "आधी बोललो असतो तर हा तेव्हाच काढून घेतला असता तुम्ही."

"घेतला असता," बाई म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या टोकाला दोन गाठी मारल्या आणि लाल फितीला एक. "डोळे मिटून सांग आता. बोटं तरी शाबूत आहेत ना, का तीही मेहुण्याची?"

उल्पियानो हसला, पण डोळे पुसतच.

माझा घड बोटीत गेलाच नाही, कामगारांच्या घरी उकडला गेला. पुढच्या आठवड्यापासून प्रत्येक रंगाला ठरलेल्या गाठी आल्या. बागेत जुन्या फिती होत्या, त्यांचे घड संपेपर्यंत बाई स्वतः त्याच्याबरोबर फिरल्या. आणि पुढची बोट पोचली, तेव्हा माल हिरवागार होता.

मी आता शेडच्या दाराला नमुना म्हणून टांगलेली असते. उन्हाने रंग पार विटलाय. तुमच्याकडे काही चुकलं, तर माणूस तोडण्याआधी एखादी गाठ मारून बघा, एवढंच माझं मागणं.

रोज सकाळी उल्पियानो जाताजाता माझ्यावरून अंगठा फिरवतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "हिरवी." विटलेला माझा रंग इतरांना आता ओळखू येत नाही. त्याला येतो.