शेप्याचा जामीन

"झाडाला धाक घालायला छाती लागती! माजा आवाज ऐकून वराळ्यापातूरचे आंबे मोहरतील," सुदुंबऱ्याच्या पारावर महिपतीनं मिशीला पीळ भरत सांगितलं.

त्याच्या बांधावरचे पाचही आंबे तीन साल फळले नव्हते. त्यातला मोठा शेप्या. फळाला शेपूचा वास, म्हणून शेप्या. महिपतीची बायको मुक्ताबाई नऊ वर्षांची सून होऊन आली, तेव्हा माहेर आठवलं की याच्याच बेचक्यात बसून रडायची. रडून झालं की झाडावरच पिकलेला एक पाड खायची.

रीत जुनी होती. एकानं कुऱ्हाड उगारून म्हणायचं, "फळत न्हाईस, तोडतो!" दुसऱ्यानं आडवं यायचं, "राहू दे, पुढच्या साली फळंल, मी जामीन." झाड घाबरतं आणि फळतं. जामीन म्हणून महिपतीनं तळेगावच्या युनूसभाई बागवानाला बोलावलं. वाक्य त्याच्याकडून तीनदा म्हणून घेतलं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी, गाव जमल्यावर, महिपतीनं कुऱ्हाड उगारली.

"बोल शेप्या! फळतोस का तोडू? काय वो युनूसभाई?"

युनूसभाईनं झाडाकडं पाहिलं. तीस वर्षं दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवून भाव पाडणारी त्याची जीभ. ती आपोआप वळली.

"ह्यात काय दम न्हाई, भाऊ. सरपणाला बरंय."

कुऱ्हाड हवेतच राहिली. खाली घ्यावी तर धाक खोटा, हाणावी तर शेप्या जातो. महिपतीनं डोळे मिटले.

"थांबा!" मुक्ताबाईनं धावत येऊन खोडाला मिठी मारली. "आदी मला तोडा! फळंल त्यो. म्या जामीन! आन युनूसभाई, झडो ती जीभ तुमची!"

"चुकलं, वयनी. बाजारच घुसला तोंडात."

"बाई जामीन ऱ्हायली म्हून सोडतो," महिपतीनं झाडाला बजावलं आणि घाम पुसला.

दुसऱ्या दिवशी युनूसभाई कोयता घेऊन हजर. "काल जिभेनं घाण केली, आज हातानं निस्तरतो," म्हणत झाडावर चढला. "ही तांबडी फुलं बांडगुळाची हैत, भाऊ. झाडाचं रगत पितंय त्ये."

"लय झ्याक दिसत्यात म्हून म्याच ऱ्हाऊ दिली," महिपती हळूच म्हणाला.

बांडगूळ निघालं. आळं खणलं, शेणखत पडलं. रोज सांजच्याला महिपती पाणी घालायचा आणि कुणी नाही असं बघून खोडाशी पुटपुटायचा, "त्या दिशी थट्टा केली रं. मनावर घेऊ नगंस." झाडामागं शेळीसाठी गवत कापणारी मुक्ताबाई पदर तोंडाला लावायची.

वैशाखात शेप्यानं तीन आंबे दिले.

महिपतीनं ते पेंढ्याच्या अढीत घातले. "पयला तुजा," मुक्ताबाईला म्हणाला, आणि लगेच अख्ख्या पाराला वास घ्यायला आवतण देऊन आला. युनूसभाई धुतलेला सदरा घालून आला. रस्ताभर "गोड हाय, लय गोड हाय" असं घोकत आला होता.

सगळ्यांसमोर अढी उघडली. आत नुसता पेंढा होता. शेपूचा वास शेळीच्या तोंडाला येत होता.