नव्याने नाकारलेली सदतीस मुलं

मित्रांनो, दोन हजार एकोणीस साली माझं काम थांबलं. मी एक जुना सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे सगळ्यांच्या नोंदी एका जागी सांभाळणारा संगणक. अनाथ मुलांच्या वसतिगृहात, कार्यालयाच्या कोपऱ्यात मी चौदा वर्षं घुरघुरत होतो. तिथे आलेल्या प्रत्येक मुलाची नोंद माझ्या पोटात होती. माझ्या आधीच्या वह्यासुद्धा कारकूनबाईंनी ओळ न ओळ माझ्यात उतरवल्या होत्या.

बाई भारी काटेकोर. एखाद्या लेकराची जन्मतारीख ठाऊक नसली, की बाकीचे म्हणत, "टाका एक जानेवारी!" बाई म्हणत, "खोटा वाढदिवस मी देणार नाही." मग तारखेच्या जागी त्या नुसती शून्यं भरत. अशी तारीख कुठल्याच कॅलेंडरात नसते, हे मला कळत होतं. पण लेकराला दारातून परत कसं पाठवायचं? मी घेत गेलो.

दर उन्हाळ्यात एक शिवणकाम करणारी ताई येई. ती इथेच वाढलेली.

"बाई, माझ्या छोट्याचा काही पत्ता लागला का हो?"

लहानपणी बसमध्ये तापाने फणफणलेला भाऊ तिच्या मांडीवर होता, एवढंच तिला आठवे. त्याचं खरं नावही तिला ठाऊक नव्हतं. बाई माझ्यात शोधत आणि मान हलवत. "तू आलीस त्या दिवशी दुसरं कुणी आलेलंच नाही गं."

मग माझ्यातला डेटाबेस, म्हणजे नोंदी नीट लावून ठेवणारी प्रणाली, जुना झाला. नवा सर्व्हर आणि डेटाबेसची नवी आवृत्ती घेऊन इंजिनिअर आले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांनी माझ्या नोंदी तिकडे हलवल्या.

"झालं बाई! उद्या हा जुना पुसून टाकतो."

"थांबा. जुन्यात किती होत्या? नव्यात किती आल्या?"

"सदतीस कमी आहेत. एवढ्या हजारांत किरकोळच म्हणायचं."

"किरकोळ? सदतीस पोरं रस्त्यावर ठेवून आलात, आणि झालं म्हणता?"

इंजिनिअरचे कान लाल झाले. "नवी आवृत्ती कडक आहे, बाई. शून्यांची तारीख तिला चालत नाही. एक जानेवारी टाकू?"

"मुळीच नाही!"

"मग जागा कोरी सोडतो. माहीत नाही म्हटलेलं तिला चालतं."

"अहो, मग हे आधी नाही का सांगायचं!"

त्या सदतीस नोंदी त्यांनी कागदावर छापून दिल्या. बाई ओळीवर बोट ठेवून वाचू लागल्या. एका ओळीत ती ताई होती: बस कंडक्टरने आणून सोडली. तिच्या लगेच खाली, तीन आठवड्यांनी दाखल झालेल्याची नोंद होती: मुलगा, वय अंदाजे दोन. बस कंडक्टरने तापात दवाखान्यात ठेवलेला. बरा होऊन आला, त्याच दिवशी दुसऱ्या गावच्या शिशुगृहात पाठवला.

बाईंचं बोट तिथेच थांबलं. "अगं बाई... हा तर छोट्या!"

मित्रांनो, या दोन ओळी चौदा वर्षं माझ्याच पोटात होत्या. मी सगळ्यांना सामावून घेतलं, पण त्या दोघांना कधी शेजारी बसवलं नाही. नव्या सर्व्हरने दोघांनाही नाकारलं आणि ती दोघं कागदावर शेजारी आली. त्याचा मला हेवा नाही वाटला. सुटल्यासारखं वाटलं.

बाईंनी शिशुगृहाला फोन केला, तिथून पत्ता मिळाला. छोट्या आता दुकानांच्या पाट्या रंगवतो; भेट झाल्यावर ताईच्या शिवणाच्या दुकानाची पाटीही त्यानेच रंगवली. भेटीचा दिवस दोघांचा वाढदिवस म्हणून लिहा, असं ताई बाईंना म्हणाली. बाई म्हणाल्या, "घरी खुशाल साजरा करा. नोंदीत जागा कोरीच राहील." पुढच्याच वर्षी बाई निवृत्त झाल्या. इंजिनिअर आता कुठेही गेले तरी आधी मोजतात, मगच 'झालं' म्हणतात.

आणि मी? मी कपाटात बंद आहे. जुन्याला निरोप जरूर द्या, मित्रांनो, पण त्याच्या दारात कुणी मागे राहिलं नाही ना, तेवढं मोजून बघा. माझ्या पाठीवर बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी अजून चिकटलेली आहे: "विचारल्याशिवाय पुसू नये."